खंड किती दिवसांचा?

ऑक्टोबर उजाडला की एक बातमी ठरलेली असते: मराठवाड्यात यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस. आकडा शंभरच्या जवळ असला की ‘चला, यंदा बरं झालं’ म्हणून विषय संपतो. त्याच आठवड्यात आष्टी-पाटोद्याच्या माळावर सोयाबीन काढताना शेंगा चपट्या निघत असतात आणि दाणा ज्वारीएवढा. बातमी खोटी नसते आणि शेंगही खोटी नसते. आठ जिल्ह्यांची जून ते सप्टेंबरची सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास धरली जाते. तिच्यात किनवट-माहूरचा हजाराच्या घरात जाणारा पाऊस आहे आणि आष्टी, भूम, परंडा, वैजापूर पट्ट्यातला पाचशे-साडेपाचशेचाही. ६८० हा आकडा असा आहे की तो फारसा कुणाच्या शेतावर पडतच नाही.

म्हणून ‘हवामान बदलतंय, तर मराठवाड्यात पुढे दुष्काळ वाढणार का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देणाऱ्यापासून जरा जपूनच राहावं. आधी विचारायचं, दुष्काळ कशातला? पडलेला पाऊस पहिल्यांदा मातीत मुरतो, मग विहिरीला लागतो आणि उरलेला ओढ्यानाल्यानं तलावात, धरणात जातो. मातीचा हिशेब दिवसांचा असतो, विहिरीचा महिन्यांचा, धरणाचा वर्षांचा. एकाच मोसमात यातलं एक भांडं भरून वाहतं आणि दुसरं कोरडं राहतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, तेरणा, गोदावरी पात्राबाहेर आल्या, धरणांचे दरवाजे उघडावे लागले आणि काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात कुजलं. धरणाच्या वहीत ते सुकाळाचं वर्ष आहे. शेतकऱ्याच्या वहीत काय आहे, ते वेगळं सांगायला नको.

आधी मातीचं भांडं घेऊ, कारण खरिपाचा निकाल तिथंच लागतो. माळावरची हलकी, मुरमाड जमीन घ्या, खोली जेमतेम एक फूट. वापसा असताना, म्हणजे जादा पाणी निथरून गेल्यावर, पिकाला ओढता येईल असं पाणी तिच्यात साधारण ४५ मिलिमीटर मावतं. शेंगेत आलेलं सोयाबीन उघडिपीच्या दिवशी ५ मिलिमीटरच्या आसपास पाणी ओढतं. भागाकार केला तर नऊ दिवस येतात, पण पीक शेवटच्या थेंबापर्यंत सुखानं पीत नाही. सोयाबीनसाठी उपलब्ध ओलाव्यातला निम्मा संपला की ताण सुरू झाला असं मानतात. म्हणजे हातात राहतात साडेचार दिवस. पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी पानं उलटी पडायला लागतात, खालची बाजू वर. संध्याकाळी ती पुन्हा सावरली तर अजून वेळ आहे. सकाळीही सुकलेलीच दिसली तर फूल आणि कोवळी शेंग गळणार हे नक्की.

आता नदीकाठची भारी काळी घ्या. मुळं ९० सेंटिमीटरपर्यंत उतरलेली, माती मीटरला १८० मिलिमीटर पाणी धरणारी. एकूण १६२, त्याचं निम्मं ८१, रोज ५ प्रमाणे सोळा दिवस. एकाच गावात, एकाच पावसावर, एकाला साडेचार दिवसांची मुदत आणि दुसऱ्याला सोळा दिवसांची. पीकविम्याच्या अग्रिमामुळे, म्हणजे आगाऊ भरपाईमुळे, पावसाचा २१ दिवसांचा खंड हा आकडा गावोगाव पाठ झाला आहे. पण एकविसाव्या दिवशी भारी जमिनीतलं पीकही पाच दिवस ताणात असतं, आणि माळावरचं केव्हाच हातचं गेलेलं असतं. भविष्याचा धोका मोजायचा तर खंडाची मर्यादा जमिनीगणिक वेगळी धरायला हवी. ताण सुरू झाल्यानंतरची थोडी सवड धरून हलकीला आठ दिवस, मध्यमला बारा-तेरा, भारीला अठरा अशी विभागणी केली तरी एका सरसकट आकड्यापेक्षा ती कितीतरी खरी ठरते.

यात वाढत्या उष्णतेचा वाटा किती? इथं भले भले घसरतात. तापमान एका अंशानं वाढलं आणि वारा, ऊन, दमटपणा तसाच राहिला, तर पिकाची पाण्याची ओढ साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढते. दोन अंश वाढ धरा, रोजचे ५ चे सव्वापाच होतील. भारी जमिनीतले सोळा दिवस साडेपंधरावर येतील. बस, इतकंच. ऑगस्टच्या मातीत नुसत्या उष्णतेनं अर्धा दिवस जातो. पीक मारतो तो खंड. पाऊस थांबला की ढग हटतात, ऊन रखरखतं, पश्चिमेचा वारा सुटतो आणि ढगाळ दिवशी साडेतीन मिलिमीटरवर असलेली ओढ पाच-साडेपाचवर जाते. खंड आपल्याबरोबर स्वतःची तहान घेऊनच येतो. तापमानवाढीची खरी किंमत मोजावी लागते ती दुसरीकडे: रब्बीत दाणा भरणाऱ्या ज्वारी-गव्हाला, आणि मार्च ते मे या तीन महिन्यांत तलावांच्या उघड्या पाण्याला.

खंडांचं काय चाललंय याचा देशपातळीवरचा आकडा आहे. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते १९८० या काळाच्या तुलनेत १९८१ ते २०११ मध्ये मान्सूनमधले कोरडे खंड २७ टक्क्यांनी जास्त वेळा आले. मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरच्या वर कोसळणारे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. दोन्ही आकडे एकत्र वाचले की सरासरी का फसवते ते कळतं. बेरीज तीच राहते आणि दिवस कमी होतात. २०२३ चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी.

हे आकडे देशाचे. महसूल मंडळाचा, म्हणजे तालुक्यातल्या एका भागाचा, हिशेब करायचा तर मंडळाचा पर्जन्यमापक लागतो, आणि तिथं पाय रोवून उभं राहावं लागतं. एका मंडळात कित्येक गावं आणि यंत्र एक. ओढ्याच्या अलीकडे पाऊस, पलीकडे टिपूस नाही, हे ऑगस्टमध्ये नेहमीचंच. यंत्राशेजारी झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर यंत्र हवं. कित्येक ठिकाणी ते कार्यालयाच्या कंपाउंडला चिकटून असतं. स्वयंचलित केंद्रातलं झुलतं भांडं धुळीनं, पाल्यानं किंवा गांधीलमाशीच्या पोळ्यानं अडकलं तर शेजारची सगळी मंडळं भिजलेली असताना इथं शून्य नोंदलं जातं. जोरदार सरीत तेच भांडं पाऊस कमी मोजतं. आणि सगळ्यात घातक चूक माणसाची: नोंद घेतलीच नाही त्या दिवशी रकान्यात रिकामी जागा सोडायच्या ऐवजी शून्य लिहिणं. अशा पाच-सात शून्यांतून कागदावर मोठा खंड उभा राहतो.

तपासायची रीत सोपी आहे. आपल्या केंद्राची वर्षानुवर्षांची बेरीज उभ्या अक्षावर आणि शेजारच्या चार-पाच केंद्रांच्या सरासरीची बेरीज आडव्या अक्षावर मांडायची. रेघ सरळ गेली तर ठीक. एखाद्या वर्षापासून ती वाकली तर त्या वर्षी यंत्र बदललं, जागा बदलली किंवा नोंद ठेवणारा बदलला, हे समजावं. हवामान असं एका वर्षात कोपरा घेत नाही. लांब पल्ल्याची मंडळनिहाय नोंद नसेल तर हवामान विभागाची पाव अंशाच्या चौकटींची रोजच्या पावसाची माहिती १९०१ पासून मिळते. एक चौकट साधारण २७ किलोमीटरची. ती आजूबाजूच्या केंद्रांवरून बेतलेली असल्यामुळे लहान खंड तिच्यात पुसट होतात. शेजारच्या गावातली सर आपल्या कोरड्या दिवसावर शिंतोडते.

नोंद शुद्ध झाली की लोक पहिल्यांदा एसपीआय काढतात, म्हणजे प्रमाणित पर्जन्य निर्देशांक. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत मॅकी आणि सहकाऱ्यांनी तो मांडला. किमान तीस वर्षांचा मासिक पाऊस घ्यायचा, तीन, सहा किंवा बारा महिन्यांच्या सरकत्या बेरजा करायच्या, त्या गॅमा वितरण नावाच्या संख्याशास्त्रातल्या वक्रात बसवायच्या आणि त्यावरून यंदाची बेरीज नेहमीपेक्षा किती घसरली ते काढायचं. उणे १ च्या खाली मध्यम, उणे दीडच्या खाली तीव्र, उणे २ च्या खाली अतितीव्र. तीन महिन्यांचा आकडा पिकासाठी बघावा, बाराचा आणि चोवीसचा विहिरी-धरणांसाठी. जानेवारी ते मे या महिन्यांत मात्र तीन महिन्यांचा एसपीआय मराठवाड्यात काढूच नये. त्या काळात बहुतेक वर्षी पाऊस शून्य असतो, आणि अवकाळीच्या दोन सरींनी निर्देशांक ‘अतिओला’ दाखवतो.

एसपीआयचा खरा दोष वेगळाच आहे. त्याला फक्त बेरीज दिसते. समजा, एका वर्षी जून ते ऑगस्टमध्ये ४५० मिलिमीटर पाऊस तीस दिवसांत विभागून पडला. दुसऱ्या वर्षी तेच ४५० पंधरा दिवसांत, त्यातही दोन दिवस शंभर-शंभर, आणि मध्ये चोवीस दिवसांचा खंड. एसपीआय दोन्ही वर्षी एकच. पहिल्या वर्षी एकरी आठ क्विंटल, दुसऱ्या वर्षी मळणीचा खर्चही निघत नाही.

तापमान धरणारा एसपीईआय हा निर्देशांक २०१० मध्ये आला. त्यात पावसातून बाष्पीभवनाची ओढ वजा करतात. पण ती ओढ कशी काढली ते विचारल्याशिवाय त्याचा नकाशा हातात घेऊ नये. थॉर्नथ्वेटची रीत फक्त तापमान बघते, त्यामुळे तापलेल्या भविष्यात ती दुष्काळ फुगवते. पेनमन-मॉन्टिथ ऊन, वारा, दमटपणा सगळं मागते आणि म्हणूनच जास्त विश्वासाची आहे. एकाच तालुक्याचे २०५० चे दोन नकाशे, एक लालभडक आणि एक फिकट पिवळा, यामागे कित्येकदा हवामान नसतं, नुसतं सूत्र असतं.

शिवाय ‘नेहमीचा पाऊस’ कोणत्या वर्षांवरून ठरवला? हवामान विभागानं २०२२ मध्ये सरासरीचा आधार बदलून १९७१ ते २०२० केला, आणि देशाची मान्सूनची सरासरी ८८०.६ वरून ८६८.६ मिलिमीटरवर आली. कार्यालयीन कामाला ते योग्यच आहे. पण पुढचा धोका मोजताना आधार दर दहा वर्षांनी सरकवत राहिलं तर वाढत गेलेली तूट हळूहळू ‘सर्वसाधारण’ होऊन बसते. आधार एकदा ठरवायचा, लिहून ठेवायचा आणि हलवायचा नाही.

भविष्याचा पाऊस येतो संगणकावर चालणाऱ्या जागतिक हवामान प्रारूपांमधून. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं प्रारूपही त्या जागतिक संचात आहे. बहुतेकांची चौकट शंभरेक किलोमीटरची, म्हणजे बीड आणि परभणी जवळजवळ एकाच खोलीत. सह्याद्री त्यात इतका बुटका होतो की पर्जन्यछाया नीट पडतच नाही. दुसरी खोड अशी की ही प्रारूपं फार वेळा आणि फार थोडा थोडा पाऊस पाडतात. रोज एक-दोन मिलिमीटरची भुरभुर. तशीच वापरली तर मराठवाड्यात खंड उरतच नाहीत. म्हणून २.५ मिलिमीटरच्या खालचा दिवस कोरडा धरायचा आणि प्रारूपाचा गेल्या तीस वर्षांचा पाऊस प्रत्यक्ष नोंदींशी ताडून दुरुस्त करायचा. ही दुरुस्ती एकेका दिवसाच्या आकड्याची असते, दिवसांच्या क्रमाची नव्हे. दुरुस्तीनंतरही मागच्या काळातले खंड प्रत्यक्षाइतके लांब येतात का, हे तपासायचं. येत नसतील तर ते प्रारूप या कामातून बाद.

मग सगळ्यात जास्त होणारी चूक. दहा-बारा प्रारूपांचा रोजचा पाऊस आधी सरासरीत घोटायचा आणि त्या सरासरीत खंड शोधायचे. एकाचा कोरडा दिवस दुसऱ्याच्या सरीनं भिजतो आणि निकाल येतो की भविष्यात खंड नाहीतच! खंड प्रत्येक प्रारूपात वेगळे मोजायचे आणि शेवटी उत्तर पट्टा म्हणून द्यायचं: कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके. शतकाच्या उत्तरार्धात मान्सूनचा एकूण पाऊस वाढेल असं बहुतेक प्रारूपं म्हणतात आणि त्याची अस्थिरताही वाढेल असंही म्हणतात. पहिलं वाक्य वाचून थांबणारे बरेच भेटतात.

विहिरीचं भांडं मराठवाड्यात मुळातच लहान आहे, कारण खाली काळा पाषाण. मुरमाच्या, भेगांच्या थरात आकारमानाच्या दोन टक्क्यांच्या आसपासच पाणी हाती लागतं. पावसातला ७ ते १३ टक्के भाग मुरतो असं भूजलाच्या हिशेबात धरतात. ६८० मिलिमीटरचे झाले ४८ ते ८८. दोन टक्क्यांनी भागलं की पातळी अडीच ते साडेचार मीटर वर येते. उलट वाचलं तर पातळी एक मीटर उतरणं म्हणजे फक्त २० मिलिमीटर पाणी उपसलं जाणं. चार-पाच आवर्तनांत विहीर तळ गाठते त्याचं गणित हे. आणि पाऊस थोडक्या दिवसांत कोसळला तर मुरण्याचं प्रमाणही घटतं. काळ्या मातीच्या भेगा पहिल्या दोन तासांत पाणी गिळतात, मग माती फुगून दार लावून घेते आणि पुढचं सगळं ओढ्याला जातं. त्यामुळे ७ ते १३ टक्क्यांचा तो दर भविष्यासाठी तसाच वापरणं हा आशावाद आहे. हजार फुटी बोअर हा यावरचा उपाय नाही. तिथलं पाणी एका पावसाळ्यात परत भरत नाही.

धरणात आणखी वेगळं. जायकवाडीचा उपयुक्त साठा साधारण ७७ टीएमसी, पण तो पैठणच्या पावसावर भरत नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या घाटावर आणि वरची धरणं किती अडवतात त्यावर भरतो. वरच्या-खालच्या धरणांत समन्यायी वाटपाचा २०१४ चा निर्णय असा होता की १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांखाली असेल तर वरून पाणी सोडायचं, आणि त्यावरून तुटीच्या वर्षी कोर्टकचेऱ्या होतात. तेव्हा पैठणच्या धोक्याचा अभ्यास नाशिकच्या पावसाशिवाय अर्धाच. मांजरा मात्र पाटोद्याच्या बालाघाटात उगवते आणि पूर्ण पर्जन्यछायेत वाहते. तिला घाटाचा आधार नाही. २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षं मराठवाड्यात ४० टक्क्यांच्या आसपास तूट पडली आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एकट्या २०१५ नं ते झालं नसतं. धरणासाठी एकच अतिवाईट वर्ष शोधत बसण्यापेक्षा सलग दोन मध्यम वाईट वर्षांची शक्यता काढावी. पाचातून एक वर्ष तुटीचं आणि वर्षांचा एकमेकांशी संबंध नाही असं मानलं तर जोडी पंचवीस वर्षांतून एकदा यावी. तो संबंध खरंच नाही का, हे आपल्या नोंदीत मोजून मगच तसं मानावं. हिशेब महिन्याचा लावायचा: आधीचा साठा अधिक येवा (धरणात येणारं पाणी), वजा बाष्पीभवन, पिणं, उद्योग, कालवा. क्षमता मूळ आराखड्यातली घेऊ नये, गाळ वजा करून घ्यावी. आणि पाऊस वीस टक्के घटला म्हणून येवा वीसच टक्के घटेल असं धरू नये. माती आधी आपला वाटा घेते, उरलं ते वाहतं. त्यामुळे येव्यातली घट नेहमीच मोठी.

मागणीचा रकाना बहुतेक अहवालांत शेवटी आणि घाईत भरलेला असतो. उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं असं धरा, पावसाचे सहाशे वजा करा. उरलेल्या १४०० मिलिमीटरचे हेक्टरी १ कोटी ४० लाख लिटर होतात. माणशी रोज ५५ लिटरनं हे सातशे माणसांचं वर्षभराचं पाणी. पाऊस कणभरही न बदलता फक्त लाभक्षेत्रातला ऊस वाढला तरी धरणाचा धोका वाढतो, आणि हे सांगायला कोणतंही प्रारूप लागत नाही.

सरकारी दुष्काळ ठरतो २०१६ च्या संहितेवर. आधी पावसाची तूट आणि तीन-चार आठवड्यांचा खंड, मग उपग्रहावरची हिरवाई, ओलावा, पेरा, जलसाठे, आणि शेवटी दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी. नुकसान ३३ टक्क्यांवर गेलं तर मध्यम, ५० वर तीव्र. २०२३ मध्ये या चाळणीतून राज्यात ४० तालुके उरले आणि काही दिवसांतच हजाराहून जास्त मंडळं ‘दुष्काळसदृश’ म्हणून वेगळी जाहीर करावी लागली. तालुक्याची सरासरी काय लपवते, ते यावरून दिसतं. उपग्रहाला गाजरगवतही हिरवं आणि कालव्याकाठचा ऊसही हिरवाच.

किती वर्षं पुढचं बघायचं, हे निर्णयावरून ठरवावं. बोअरचं कर्ज पाच-सात वर्षांचं; तिथं २०५० चा नकाशा बिनकामाचा, गेल्या तीस वर्षांची नोंदच जास्त उपयोगी. जालन्याकडे मोसंबी लावणाऱ्यानं वीस वर्षं बघावीत, आणि त्यात ‘सलग दोन उन्हाळे बाग जगवायला टँकर कुठून’ हा प्रश्न आधी घालावा; २०१२-१३ मध्ये तिथल्या कित्येक बागांवर कुऱ्हाड चालली. तलाव बांधणाऱ्यालाच फक्त शतकाच्या मध्यापलीकडे डोकवायची गरज आहे. २०४० पर्यंत हरितवायूंचं उत्सर्जन कमी धरलं काय आणि जास्त धरलं काय, मराठवाड्याच्या पावसाचं उत्तर फारसं हलत नाही. वर्षावर्षातली नेहमीची ओढाताण त्याहून मोठी असते.

या सगळ्यात गावाला स्वतः करता येण्याजोगं आणि पैसे न लागणारं काम एकच आहे: विहिरीची पातळी. गावात तीन विहिरी निवडायच्या, एक माळावरची, एक मधली, एक ओढ्याकाठची. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरच्या ठरलेल्या तारखेला दोरीला दगड बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मीटरमध्ये लिहायचं. कठड्यावर जिथून मोजलं तिथं रंगाची खूण करून ठेवायची, दर वेळी तिथूनच मोजायचं. आदल्या संध्याकाळपासून मोटार बंद हवी, शेजारच्या बोअरचीही. सकाळी वीज आल्या आल्या कुणी बटण दाबलं असेल तर त्या दिवशीचा आकडा लिहू नये, रकाना रिकामा सोडावा.